होळीला दिलेला भोवरा

मी ऐकलं होतं, आणि पाहिलं म्हणून सांगितलं. माझी चूक एवढीच, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावत आलो. पण ऐकणं आणि पाहणं यांतला फरक मला ठाऊक नव्हता, असं काही मला म्हणता येणार नाही. मी बेळगावातल्या एका वकिलाचा मुलगा. आमचे आप्पा जेवायला पानावर बसल्यावरसुद्धा 'तुला कुणी सांगितलं?' आणि 'तू स्वतः पाहिलंस का?' हे दोन प्रश्न वेगळे करून विचारत. शेजारी पाहुणे आलेत एवढं सांगितलं, तरी विचारत. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मिळालं की मग पुढं काही विचारत नसत. हे मला पक्कं माहीत होतं, आणि त्याचाच मी उपयोग करून घेतला.

गोष्ट भोवऱ्याची आहे. इतर मुलं भोवरा खेळत. मी भोवरे बाळगत असे. खेळणाऱ्याचा भोवरा आज नवा असतो, उद्या दुसऱ्यांच्या भोवऱ्यांचे टोचे बसून खरबरीत होतो आणि परवा त्याच्या दोन फाका गटारात पडलेल्या असतात. माझे भोवरे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले असत. कंग्राळीच्या सुतारानं केलेला बाभळीचा एक होता. बोजड, फिरताना जात्यासारखा घरघरणारा. सावंतवाडीचा लाखेचा होता, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा. दिसायला नवरदेव, पण टाकला की टवके उडायचे, म्हणून मी तो कधी जमिनीला लावलाच नाही. पेरूच्या लाकडाचा होता, तो हलका आणि नाचरा. आणि सगळ्यांत वर, वेगळ्या चिंधीत, शिसवाचा.

माझे मामा गुंजीच्या स्टेशनात नोकरीला होते. तिकडच्या जंगलातल्या शिसवाचा एक ठोकळा त्यांनी कातार्‍याकडून चरकावर कातून घेतला आणि त्याला आर, म्हणजे भोवऱ्याच्या टोकाचा लोखंडी खिळा, लोहाराकडून मुद्दाम बसवून घेतली. भोवरा काळा, जड, खोबरेल लावून पुसला की आतून उजळणारा. जाळी, म्हणजे त्याची दोरी, घट्ट गुंडाळून तो टाकला की आधी थोडे हेलकावे खाई, मग एका जागी उभा राही आणि इतका स्थिर गुंगे की तो फिरतोय की नुसता उभा आहे, असा बघणाऱ्याला संशय यावा. गल्लीतली पोरं ओरडत, "झोपला रं, झोपला!" मी तो उचलून घेई आणि चिंधीत गुंडाळून ठेवी. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देत नसे.

त्या वर्षी आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत बोरगावचा एक मुलगा राहायला आला. निपाणीजवळच्या बोरगावचे त्याचे वडील आप्पांचे पक्षकार. जैन शेतकरी, तंबाखू पिकवणारे. त्यांच्या घरातलं कुणी तोवर इंग्रजी शाळेत गेलेलं नव्हतं. गावातली शाळा संपली आणि मास्तरांनी मुलाला पुढं शिकवाच असं सांगितलं, तेव्हा त्यांनी आप्पांना विचारलं. बेळगावात मुलाची आत्या होती, पण तिचं सासरचं घर माणसांनी भरलेलं. दोन वेळ जेवायला घालील, निजायला जागा नाही. आप्पांनी आमची खोली दिली. तेव्हा त्या मुलाचं सगळं शिक्षण आमच्या त्या खोलीवर उभं होतं. हे त्याला माहीत होतं, आणि मलाही.

गल्लीत सगळे त्याला गावाच्याच नावानं हाक मारत. तो गप्प असायचा, पण हात असा की ज्याचं नाव ते. पोरांचे टोचे बसलेले भोवरे घेऊन तो ते वरच्या वर तळहातावर घ्यायचा आणि बोटावरून कोपरापर्यंत चालवायचा. मी लांबून बघायचो. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटला तो संशय.

संशयाला त्यानं कारण असं काहीच दिलं नव्हतं. दिलं होतं ते एवढंच, की तो रोज डाव अर्धा टाकून जायचा. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या धर्मातला नेम. सूर्य मावळतीला कलला की तो जाळी खिशात कोंबून आत्याकडं निघायचा.

"ए बोरगाव, चाललास व्हय रं? तुझा डाव आलाय की!"

"दिस बुडाय आलाय. जेवून येतो."

"दिस बुडल्यावर भात कडू लागतोय व्हय तुला?"

"कडू न्हाय लागत. अंधारात किडं पडत्यात, दिसत न्हाईत. तुला सवय हाय, तू खा."

सगळे हसत. मीही हसे, आणि तो वळला की त्याच्या खिशाकडं बघत राही. खिशात जाळीच आहे की आणखी काही? शिवाय तो आत्याशी कानडी बोले. आप्पांना कानडी उत्तम येई. त्यांचं निम्मं काम त्या भाषेत चाले. मला बाजारापुरती येत होती. बा, होगु, कोडु, इल्ल; ये, जा, दे, नाही, एवढीच. मी तोंड उघडलं की आप्पा चुका काढत, म्हणून मी तोंड उघडत नसे. आणि जे आपल्याला पुरतं कळत नाही ते आपल्याविषयीच असणार, असं मला वाटे.

त्याचा डोळा माझ्या डब्यावर आहे, हे मी मनाशी ठरवून टाकलं. डब्याच्या झाकणावर मी एक दोरा आडवा टाकून ठेवू लागलो. कुणी झाकण काढलं तर दोरा हलेल, ही युक्ती. ही युक्ती मी मोठ्या फुशारकीनं माझ्या थोरल्या भावाला सांगितली होती, हे मात्र नंतर माझ्या ध्यानात राहिलं नाही.

होळी आली. गल्लीतली पोरं लाकडं आणि शेणी गोळा करत फिरत. मागून मिळालं तर मागून, नाहीतर उचलून. होळीसाठी उचललेल्याला कुणी चोरी म्हणत नसे. एका परसात मोडक्या गाडीचं चाक पडलं होतं. सगळे तुटून पडले. बोरगाव बाजूला उभा.

"धर की रं! बघत काय उभारलास?"

"त्यात वाळवी हाय. जित्ता जीव. मी न्हाय उचलणार."

"मग काय, पाप सगळं आमच्या डोस्क्यावर व्हय?"

"ते तुमचं तुमी बघा. मी आपला बोंब मारायला येतो."

मी तिथं होतो. हे सगळं मी ऐकलं होतं. पुढं जे झालं त्यात ह्या बोलण्याची मला एकदाही आठवण झाली नाही.

होळीच्या दिवशी सकाळी मी डबा काढला. दोरा जागच्या जागी होता. झाकण काढलं, तर शिसवाच्या भोवऱ्याची चिंधी नुसती घडी घालून ठेवलेली. आत भोवरा नाही. मी कुणाला काही बोललो नाही. आरडाओरडा केला तर चोर सावध होईल, असं मला वाटलं. मी दिवसभर बोरगाववर नजर ठेवून राहिलो. संध्याकाळी होळी पेटली. पोरं तोंडावर पालथा हात मारून बोंबा ठोकत होती. तो जेवून आला आणि समोरच्या घराच्या कट्ट्यावर, आगीपासून लांब उभा राहिला. मी त्याच्याकडं टक लावून बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या दृष्टीनं निकाल तिथंच लागला.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी तो जेवायला आत्याकडं गेला, तसा मीही मागोमाग गेलो आणि तिच्या दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आत्या दारात सूप घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "बुगुरि एन माडदि?" बुगुरी म्हणजे भोवरा, हे मला येत होतं. भोवऱ्याचं काय केलंस, असं ती विचारत होती.

तो म्हणाला, "होळ्ळि कोट्टे."

कोट्टे म्हणजे दिला. तेही मला येत होतं. आणि होळी कुणाला येत नाही? होळीला दिला! माझा शिसवाचा भोवरा त्यानं होळीत टाकला होता, आणि आत्याला तो ते सहज सांगत होता. आत्यानं मान डोलावली आणि पाखडायला लागली. ती रागावलीसुद्धा नाही, म्हणजे तीही सामील.

मी धावत गल्लीत आलो. होळीची राख अजून कोमट होती. पोरं तीच राख एकमेकांना फासत होती. मी काटकीनं राख उकरायला लागलो. लाकूड जळालं तरी आर जळत नाही, एवढं मला कळत होतं. आणि मला खिळा सापडला. काळा पडलेला, किंचित वाकलेला. त्या होळीत खोक्यांच्या फळ्या होत्या, मोडकं चाक होतं, एका दाराची चौकट होती. खिळे त्यात किती असतील! पण मला एकच हवा होता आणि एकच सापडला.

"त्यानं काल आत काय टाकलं, बघितलं का रं कुणी?" मी पोरांना विचारलं.

"कुणी, बोरगावनं? त्यो तर जवळ बी आला न्हवता."

"टाकलं आसंल," दुसरा म्हणाला. "गप गप आसणाऱ्याचा नेम न्हाय."

मला जबाब मिळाला. पहिल्याचा मी सोडून दिला आणि दुसऱ्याचा धरला.

सणामुळं कोर्ट बंद होतं. आप्पा झोपाळ्यावर वाचत बसले होते. मी त्यांच्यापुढं खिळा ठेवला आणि सगळं सांगितलं.

"ही आर तुझ्याच भोवऱ्याची कशावरून?"

"शिसवाच्या भोवऱ्याची आहे, आप्पा."

"खिळ्यावर झाडाचं नाव असतं वाटतं?"

मी खिळा माझ्याकडं ओढून घेतला.

"आणखी काय आहे?"

"तो म्हणाला. होळीला दिला म्हणून म्हणाला. आत्याला. कानडीत."

आप्पांनी पुस्तक मिटलं. "कानडीत काय म्हणाला? शब्द सांग."

हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. ते दोन शब्द मी तिथं जसेच्या तसे उच्चारले असते, तर आप्पांना तत्क्षणी उलगडा झाला असता. कदाचित ते हसले असते, माझ्या उच्चाराला नावं ठेवली असती, आणि सगळं तिथं संपलं असतं. पण मला वाटलं, माझ्या कानडीचीच उलटतपासणी व्हायला लागली. आता हे चूक काढणार आणि चोर सुटणार. मी म्हणालो, "शब्द कशाला? मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"त्याला भोवरा होळीत टाकताना."

"स्वतः?"

"स्वतः. डोळ्यांनी."

आप्पांनी पुढं विचारलं नाही. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तो दारात येऊन उभा राहिला. माझा थोरला भाऊ धुळवडीचा चिखल अंगावर घेऊन नुकताच परसात आला होता, तो मागच्या दारात थांबला.

"भोवरा घेतला होतास?" आप्पांनी विचारलं.

तो उंबऱ्याच्या आत आला. मग म्हणाला, "घेतलता."

"कुणाला विचारून?"

त्यानं माझ्या भावाकडं बघितलं. भाऊ दंडावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत होता.

"होळीत टाकलास?"

"न्हाय जी. मी न्हाय जाळला."

"मग आता कुठं आहे?"

"ते मला ठावं न्हाय."

घेतला म्हणतो, जाळला नाही म्हणतो, कुठं आहे ते सांगत नाही. चोर असाच बोलतो, असं मला वाटलं. आप्पांनाही वाटलं असणार, कारण त्यांच्या पदरी आता एक साक्षीदार होता. त्यांनी त्याला घालवला नाही. इतकंच म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या कानावर घालावं लागेल."

वडील पुढच्या बाजाराला आले. पटका, खांद्यावर घोंगडं, डोळ्यांत रस्त्याची धूळ. आप्पांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला नेतो."

"अहो, तेवढं काही झालं नाही. पोरवयात होतं असं. परीक्षा जवळ आली आहे, ती तरी होऊ द्या."

"चोरी म्हटल्यावर परीक्षा कसली जी? तुमी ठिवून घ्याल. मला ठेवता येत न्हाय. आमच्यात चोरी न करणं म्हंजे व्रत हाय."

त्यांनी मुलाला कानडीत काहीतरी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ट्रंक उचलून दोघं गेले. तो माझ्याकडं बघतोय का हे मी खिडकीतून बघत होतो. त्यानं बघितलं नाही. त्या रात्री मी बाहेरच्या खोलीत जाऊन त्याच्या चटईखाली भोवरा शोधला, इतका माझा माझ्याच साक्षीवर विश्वास नव्हता.

पुढं मी शाळामास्तर झालो आणि पहिली नेमणूक बैलहोंगलकडं झाली. तिथं सगळं कानडी. घरमालकीण बाई एक दिवस माझ्याकडून पितळी घागर उसनी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "होळ्ळि कोडतेनि, मास्तर."

मी म्हणालो, "होळी कुठं आहे आता?"

ती हसत सुटली. शेजारणीला बोलावून सांगू लागली. मग मला समजावून सांगितलं. होळ्ळि म्हणजे परत, माघारी. होळ्ळि कोडतेनि म्हणजे परत आणून देते. होळ्ळि कोट्टे म्हणजे परत दिला.

त्या दिवशी भिंतीआडून ऐकलेलं वाक्य मी पुन्हा मनात म्हणून बघितलं. आत्यानं विचारलं होतं भोवऱ्याचं काय केलंस, आणि तो म्हणाला होता, परत दिला. होळीला दिला असं म्हणायचं असतं, तर त्यानं होळीच्या मागं 'गे', म्हणजे आपला 'ला', लावला असता. एवढं व्याकरण तर माझ्या बाजारी कानडीतही होतं. आमच्या गल्लीत पुरणपोळीला होळिगे म्हणणारी घरं होती. तो शब्द ऐकला असता तरी मी काहीतरी गोंधळ घातलाच असता म्हणा. मला हसू आलं नाही.

तरीही मी लगेच कबूल झालो नाही. खोट्या साक्षीदाराला आपली साक्ष सहजासहजी सोडवत नाही. मी म्हणू लागलो, परत दिला म्हणाला असेल, पण दिला कुठं? मला तर दिला नाही. म्हणजे आत्याशी खोटं बोलला. त्याच्यावरचा संशय उतरला की तो कुणावर बसणार, हे मला कळत होतं, म्हणून मी तो त्याच्यावरच ठेवून होतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा भावाला विचारलं. अण्णा आंघोळीआधी तेल लावत बसला होता.

"अण्णा, माझा शिसवाचा भोवरा आठवतो?"

"तो व्हय? आठवतो की. किल्ल्याच्या खंदकापाशी डावात फुटला. एका टोच्यात दोन फाका!"

"तुझ्याकडं कसा आला?"

"तुझ्या डब्यातनं. तो दोरा तसाच ठेवायचा म्हणजे काय कसरत होती! बोरगावला दिला होता एक दिवस. बिचारा रोज तुझ्या डब्याकडं बघायचा, तू काय त्याला हात लावू देत नव्हतास. त्यानं दुसऱ्या दिवशी आणून परत दिला. म्हटलं डब्यात ठेवायच्या आधी आपण एक डाव खेळू."

"मग आप्पा विचारत होते तेव्हा तू बोलला का नाहीस?"

अण्णाचा हात थांबला. "मला विचारलंच नाही त्यांनी. आणि तू तर डोळ्यांनी पाहिलं म्हणालास. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला वाचवतोयस."

तो हे खरं बोलला, की इतक्या वर्षांत त्यानं स्वतःला असं पटवून दिलं होतं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला त्याचाही संशय येतो. पण त्याच्याविषयी लिहायला मी बसलेलो नाही.

आप्पा तेव्हा हयात होते, आतल्या खोलीत होते. मला उठून आत जाता आलं असतं. मी गेलो नाही. ते वारले तेव्हाही त्यांचा समज तोच होता, की त्यांचा धाकटा मुलगा जे पाहतो तेच सांगतो.

बोरगावला जायचं मी दरवर्षी ठरवत होतो आणि दरवर्षी मला काहीतरी आडवं येत होतं. मुलीचं आजारपण, बदली, मग दुसरं महायुद्ध. खरं कारण एकच होतं. तो मला हाकलून देईल याचं भय नव्हतं. तो 'कुठला भोवरा?' असं विचारील याचं होतं. त्याच्या लेखी ते विसरण्याइतकं लहान निघालं असतं, तर माझं ओझं मी कुणापुढं उतरवणार?

शेवटी लढाईच्या दिवसांतच गेलो. मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत. वंटमुरीच्या घाटात उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलली. निपाणीपासून पुढं बैलगाडी मिळाली. घर विचारत गेलो, तर समोरच्या खळ्यात तंबाखूचा ढीग आणि त्याच्याभोवती तोंडाला फडकी बांधलेली माणसं. त्यांत तो होता. अंगानं भरलेला, कानावरचे केस पांढरे. मला शिंका येऊ लागल्या, तसं त्यानं वर बघितलं.

"बेळगावच्या वकिलांचा धाकटा," मी म्हणालो.

त्यानं हात झटकले, पण जवळ आला नाही. "वकीलसाहेब गेल्याचं कळालंतं. या. जमिनीचा काय कागद निघाला व्हय?"

"नाही."

"मग मतं मागायला?"

"नाही हो."

"मग पोरीचं स्थळ तर नसणार, आमी जैन." माणसं हसली. तो हसला नाही. "कोळशाच्या मोटारीनं उगंच कोण येतंय एवढ्या लांब? काय काम हाय ते बोला."

मी तिथंच, शिंकत शिंकत, सगळं सांगितलं. शब्द कसा ऐकला, काय समजलो, आप्पांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. तो ढिगातली पानं उचलून उगाच इकडची तिकडं ठेवत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मी टाकला न्हाय हे मला ठावं हाय की. ते मला कशाला सांगतोस?"

आता तो मला अरे-तुरे करू लागला होता. मला ते बरं वाटलं.

"अण्णानं मोडला आसंल ते बी तवाच कळालंतं," तो म्हणाला. "पण तुमच्या घरात निजत हुतो. तुमच्याच पोराचं नाव कसं घिऊ? ते एक व्हय. दुसरं म्हंजे तू डोळ्यांनी बघितलं म्हणालास. न बघितल्यालं बघितलं म्हणणाऱ्याफुडं मी काय बोलू?"

"माझं चुकलं."

"थांब. मला नगो सांगू. आई हाय अजून. बाबांनी त्या दिवशी एकदा इचारलं आणि सोडून दिलं. आईनं न्हाय सोडलं. तवापासनं गूळ सोडलाय तिनं. पोराच्या चोरीचं प्रायश्चित्त म्हणून. मी किती सांगितलं, आये, मी न्हाय चोरला. तर म्हणती, वकील काय खोटं बोलंल?" त्यानं तोंडाचं फडकं सोडलं. "तिला सांग. कानडीत सांग. आणि मोठ्यानं, तिला कमी ऐकू येतंय."

म्हातारी मागच्या अंगणात उन्हाला बसून हळकुंडं निवडत होती. त्यानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, वकिलांचा मुलगा आलाय. तिनं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं, चपलांपासून टोपीपर्यंत. मग मुलाला विचारलं, "एन तगोंड होगाक बंदान?" हा काय घेऊन जायला आलाय?

या वेळी मला प्रत्येक शब्द कळला.

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि तोंडातल्या तोंडात बोललो. तिनं कानाला हात लावला आणि मुलाकडं बघितलं. खळ्यातली माणसं हातातलं काम थांबवून दाराशी आली होती. मी त्यांना जा म्हणून सांगावं अशी इच्छा मला झाली, पण बोरगाव माझ्याकडंच बघत होता. मग मी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या मोडक्या कानडीत म्हणालो, "अव्वा, निम्म मग कद्दिल्ल. ना सुळ्ळ हेळिदे. तप्पु नंदु." तुमच्या मुलानं चोरी केली नाही. मी खोटं बोललो. चूक माझी आहे.